फाट्यापर्यंतचा आवाज

यंदाही श्रावणात पावसाने दडी मारली. मुगाच्या शेंगा काळ्या पडून तडकायला लागल्या आहेत आणि सोयाबीन दुपारी माना टाकतं, संध्याकाळी पुन्हा कशीबशी वर करतं. हवेत तो कोरडा, धुळकट वास सुटला की मला काय होतं, ते मी घरात कुणाला सांगत नाही. सांगितलं तर "तुझं दरवर्षीचंच" म्हणतात, आणि ते खरंही असतं. लोकांना श्रावण म्हटलं की ऊन-पाऊस आठवतो, झोके आठवतात. मला आठवतो तो सुका श्रावण. त्या वर्षी तर दोन श्रावण आले होते, एक अधिक आणि एक निज, आणि दोघांनी मिळून जमीन धड भिजवली नव्हती. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास," असं माय म्हणाली होती. श्रावणात फाल्गुनाची म्हण वापरणारी माझी माय एकटीच असेल.

बाबा गावात बिछायत केंद्र चालवायचे. आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे, चिखली-खामगाव रस्त्यावर फाटा लागतो तिथून आत. बिछायत केंद्र म्हणजे मंडप, सतरंज्या, खुर्च्या, पंगतीची भांडी, आणि या सगळ्यांचा राजा भोंगा. लग्न असो, सप्ताह असो, उरूस असो की निवडणूक, सगळ्यांचं तोंड वेगळं, आवाज मात्र आमच्या घरचा. एवढा गावभर ओरडणारा माणूस घरात इतका हळू बोलायचा की मायला धड ऐकू जायचं नाही. मग ती चिडायची. "जगाले भोंग्यातून सांगते, अन् मले सांगाले याच्या तोंडात जीभ नाई." बाबा हसायचे, आणि पुन्हा तितक्याच हळू काहीतरी बोलायचे.

भोंगा बांधायची त्यांची एक रीत होती. आवाज फाट्यापर्यंत गेला तरच तो आवाज, नाहीतर नुसता गोंगाट. मग तयारी अशी व्हायची: बाबा शाळेच्या स्लॅबवर चढून भोंग्याचं तोंड धरून बसायचे. खाली आवाजाच्या मशीनपाशी त्यांचे दोस्त युसूफचाचा, गावचे शिंपी, माइक हातात घेऊन "हालो, हालो, वन टू थिरी, आवाज येऊन राह्यला का?" असं तेच तेच म्हणत राहायचे. आणि मी, दोन वेण्या घातलेली, बाबांची लाल दस्ती, म्हणजे हातरुमाल, घेऊन फाट्यावरच्या कडुलिंबाखाली उभी. चाचांचा शब्द न् शब्द उमगला की मी दस्ती हलवायची. स्लॅबवरून फाटा दिसतो. दस्ती हलली की बाबा भोंगा फिरवायचं थांबवत आणि तिथेच तारेने आवळून टाकत. गावातल्या इतर पोरी भुलाबाईची गाणी म्हणत मोठ्या झाल्या, मी फाट्यावर कान टवकारून मोठी झाले. ऐकणं ही माझी पहिली नोकरी. पगार म्हणजे एक पेढा, तोही सप्ताहाचा असला तरच.

चंद्रावर यान उतरवायचा आधीचा प्रयत्न फसला, तेव्हा माझं लग्न होऊन मी जालन्याला आले होते. सकाळी फोन केला तर बाबांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू. रात्रभर टीव्हीपुढे बसले होते म्हणे. मी म्हणाले, "पडलं ना ते, बाबा." तर म्हणाले, "पडलं काऊन म्हनतं व? संपर्क तुटला म्हने ते. लाइन गेली म्हन्जे यान गेलं थोडीच? भोंगा बंद पडला म्हनून कीर्तनकार मरते का?" मला हसू आलं. शास्त्रज्ञ डोळे पुसत होते आणि आमचे बाबा चंद्रावरची वायर तपासत होते. पण पुढे कितीतरी दिवस ते अधूनमधून विचारायचे, लागली का लाइन. एखाद्या घरातला माणूस रुसून निघून जावा आणि तो कुठेतरी सुखरूप असेल यावर घरातल्या एकानेच विश्वास ठेवावा, तसं काहीतरी होतं ते.

म्हणून नव्या यानाची बातमी आली तेव्हा गावात सगळ्यात जास्त उचल बाबांनी खाल्ली. अधिकात धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघं गेलो होतो. जावयाच्या ताटात अनारसे वाढले जात होते आणि सासरे पुरणपोळी हातात धरून जावयाला मोठ्या पडद्याचा बेत समजावत होते. शाळेच्या मैदानावर, आमच्या घरासमोरच, सगळ्या गावाने मिळून बघायचं. पडदा ग्रामपंचायतीचा, सतरंज्या आमच्या, आवाज आमचा. "यंदा उतरते पाहा," ते म्हणाले. "अन् उतरलं की फाट्यावर आवाज गेला पायजे. रस्त्यानं जानाऱ्यालेबी समजलं पायजे." मला म्हणाले, "तू येजो, बाई. फाट्यावर कोन उभं राहीन?" मी म्हणाले, आता माझं वय आहे का दस्ती हलवायचं. ते म्हणाले, कानाले वय नसते. निघताना ते फाट्यापर्यंत सोडायला आले होते. बस सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला होता. हीच शेवटची भेट.

ठरल्या दिवशी मी कामावर होते. बियाण्यांच्या कंपनीत हिशेबाचं काम, सुट्टी मिळाली नव्हती. दुपारी चुलतभाऊ संतोषचा फोन आला. संतोष बाबांच्याच हाताखाली मंडपाचं काम करायचा, भोंगा मात्र बाबा स्वतःच बांधायचे. "ताई, काकाची तब्येत जरा जास्त हाये. तू निंघ."

आमच्याकडे लेकीला फोनवर मेलेलं माणूस सांगत नाहीत. वाटेत पोर एकटी असते, तिला काही झालं तर, म्हणून सगळे "तब्येत जास्त आहे" म्हणतात. अडचण अशी की तब्येत खरंच जास्त असली तरी हेच म्हणतात. सासरी गेलेल्या प्रत्येक बाईला हे वाक्य ठाऊक असतं, आणि ते आपल्या वाट्याला आलं की तिला त्यातलं काहीच कळत नाही. मी विचारलं, नेमकं काय झालं? स्लॅबवर भोंगा बांधत होते, घाम आला, खाली येऊन बसले. मी म्हणाले, त्यांना फोन दे. "झोपले हायेत." माझे यजमान कामाने नांदेडला होते. त्यांना कळवलं आणि एकटीच निघाले.

जालना ते चिखली हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल, पण त्या दिवसाइतका लांब तो कधीच नव्हता. देऊळगाव राजाला बस थांबली ती हलेचना. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. मला देवाकडे एकच मागायचं होतं: बाबा जिवंत भेटू देत. बोलले नाहीत तरी चालेल, नुसते डोळे उघडे असले तरी चालेल. चिखलीला उतरून खामगाव गाडीत बसले आणि पुन्हा संतोषला फोन लावला. या वेळी मी रडत होते. ते ऐकून तो एकदम म्हणाला, "अवं ताई, आता बरं वाटते त्यायले. उठून बसले. मशीनपाशीच हायेत. तू फाट्यावर उतरशीन नं, तवा आवाजच ऐकशीन तू त्यायचा."

माझ्या अंगातून सगळा ताण उतरला. बाबांना मी ओळखते. मशीनपाशी बसले म्हणजे बरे आहेत, हे मला कुणा डॉक्टरने सांगितलं असतं त्याहून पक्कं वाटलं. खिडकीतून बघितलं तर दिवसाउजेडीच आभाळात अर्धा चंद्र वर आलेला. गाडीत एका माणसाच्या मोबाइलवर ते सगळं चालू होतं आणि सात-आठ डोकी त्यावर वाकली होती. मध्येच रेंज जायची आणि सगळी गाडी हळहळायची. एक म्हातारी शेजारी बसल्या बसल्या हात जोडून होती. सगळा देश त्या यानाला नीट उतरव म्हणून विनवतो आहे आणि माझी गाडी नीट पोचावी म्हणून विनवणारी मी एकटीच, असं मनात येऊन मला त्या यानाचा हेवा वाटला होता, पण संतोषच्या फोननंतर तोही गेला. मी शेजारच्या म्हातारीला सांगितलं, माझ्या वडिलांच्या भोंग्यावर आज गावाला हे सगळं ऐकवणार आहेत. ती म्हणाली, "नशीबवान हायेस, माय."

फाट्यावर उतरले. गाडी धूर सोडत पुढे गेली आणि मी सवयीने लिंबाखाली जाऊन उभी राहिले.

काहीच ऐकू येत नव्हतं.

लांब कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू होती. लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. मी कान दिला, श्वास धरून दिला. वारा गावाकडूनच येत होता, म्हणजे वाऱ्याचं निमित्तही नव्हतं. वाटलं, वीज गेली असेल. पण मोटर चालू होती. मग वाटलं, मशीन बिघडली असेल. भोंगा बंद पडला म्हणून कीर्तनकार मरतो का, असं मी मोठ्याने म्हणाले. खरंच म्हणाले. आणि पिशवी खांद्याला लावून चालायला लागले, मग पळायला लागले. संतोष गाडी घेऊन येतो म्हणाला होता, त्याची वाट बघायचं सुचलं नाही.

शाळेचं मैदान माणसांनी भरलेलं होतं. सगळं गाव आमच्या सतरंज्यांवर बसलं होतं, बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे, मागे खुर्च्यांवर म्हातारे. मंडपातल्या सावलीत समोर मोठा पडदा उजळलेला, त्यावर आकडे, एक रेघ खाली खाली येत असलेली, आणि संगणकापुढे बसलेली माणसं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मैदानाच्या दोन्ही बाजूंना आमचे स्पीकरचे काळे बॉक्स उभे होते, स्लॅबवर भोंगा फाट्याकडे तोंड करून होता, आणि त्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. एवढी माणसं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. गावात मयत असली की ती उचलेपर्यंत भोंगा लागत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. कुणाच्याही घरी कुणी गेलं तर बाबाच आधी धावत जाऊन मशीन बंद करायचे.

मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं काही उरलं नव्हतं.

मागच्या खुर्चीवरल्या कुणीतरी मला बघितलं. तो उठला. मग त्याच्या पुढचा उठला. "आली, आली" असं कुजबुजत एकेक ओळ माझ्याकडे वळायला लागली. सतरंजीवरची माणसं बाजूला सरकत मला वाट करून देऊ लागली. त्याच वेळी पडद्यावर ती संगणकापुढची माणसं उभी राहिली, टाळ्या वाजवायला लागली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली. ते मला दिसलं, कारण माझं तोंड पडद्याकडे होतं. गावाला दिसलं नाही. यान चंद्रावर उतरलं तेव्हा आमचं अख्खं गाव चंद्राकडे पाठ करून माझ्याकडे बघत होतं.

युसूफचाचा मशीनपाशी बसले होते. माइक त्यांच्या मांडीवर होता, त्यावर त्यांनी आपली टोपी ठेवली होती. ते उठले नाहीत. फक्त म्हणाले, "आ गई बेटी? जा, तुह्यासाठीच थांबवलं त्यायले."

बाबा दुपारीच गेले होते. संतोषचा पहिला फोन आला तेव्हाच ते नव्हते. दिवस बुडायच्या आत उचलायचं म्हणून भावकीतले म्हातारे घाई करत होते, तेव्हा चाचा जाऊन दारात आडवे बसले होते. पोरगी आल्याशिवाय नाही, म्हणाले. कार्यक्रम रद्द करायचं सरपंच म्हणत होता, तर माय म्हणाली, "करू नका. त्यायनं सकायी सतरंज्या झटकून टाकल्या व्हत्या. लोकायले पाहू द्या. फक्त आवाज करू नका." म्हणून मयतीला आलेलं गाव आणि यान बघायला आलेलं गाव एकाच सतरंजीवर बसलं होतं.

अंगणात त्यांना ठेवलं होतं. चेहरा नीट होता. कपाळावर, भोंग्याची तार ओढताना लागली असावी तशी, एक बारीक ओरखड्याची रेघ होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मायने मला धरलं. सूर्य टेकला होता, लोकांनी त्यांना उचललं. बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही दारात उभ्या राहिलो. बघता बघता मैदान रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या सतरंज्यांपुढे पडदा मात्र चालूच होता. त्यातली माणसं पेढे वाटत होती, बिनआवाजाची. तो बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

संतोषवर मी कधी रागावले नाही. तो नंतर माझ्यासमोर येईना, महिनाभर टाळत राहिला. त्याच्या जागी मी असते तर मीही खोटंच बोलले असते, फक्त जरा बरं खोटं शोधलं असतं. फाट्यावर आवाज ऐकशील, हे दुसऱ्या कुणाच्या लेकीला सांगितलं असतं तर खपलं असतं. माझ्याच बाबतीत त्याची चूक झाली. पण त्या खोट्याने मला चिखलीपासून फाट्यापर्यंत बाबा जिवंत दिले होते, हेही खरं आहे. तेवढा रस्ता मी सुखाने केला. त्याचा विचार आला की अजूनही मला तो रस्ता परत हवा असतो.

रात्री बाबा जिथे गेले त्या जागी पीठ पसरून, दिवा ठेवून, वर टोपली झाकली. सकाळी पिठावर पाऊल उमटतं आणि माणूस कशाच्या जन्माला गेला ते कळतं, असं आमच्याकडे मानतात. सकाळी टोपली उचलली. आत्याला चिमणीचा पंजा दिसला, शेजारणीला गाईचा खूर. मला नुसतं पीठ दिसलं. माय खूप वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "हे पाय. वायर ओढत नेल्यावानी दिसून राह्यलं." खरंच एक लांबट वळणाची रेघ होती, मुंगीची असेल, वाऱ्याची असेल. पुढे काही दिवसांनी माझ्या मोबाइलवर चंद्राच्या मातीत यानातून उतरलेल्या गाडीच्या चाकांच्या खुणा उमटलेला फोटो आला. मी मायला दाखवला. ती म्हणाली, "अस्संच व्हतं," आणि मोबाइल परत दिला.

नंतर ते दृश्य कितीदा तरी लागलं, टीव्हीवर, शाळांमध्ये. मी दर वेळी आवाज बंद करते. त्या क्षणी ते लोक काय बोलले, टाळ्या कशा वाजल्या, हे मला आजवर माहीत नाही. बाबांची तिथी आणि यानाची तारीख एरवी एकत्र येत नाहीत. तिथीला मी माहेरी जाते आणि तारखेच्या आत परतते, असं इतकी वर्षं जमवलं. यंदा दोन्ही लागून आल्या. माय थकली आहे, माझा पाय निघेना, म्हणून राहिले. त्या दिवशी तिची औषधं आणायला चिखलीला गेले होते. परत फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, हवेला तोच सुका वास होता. शाळेत यानाचा कार्यक्रम आहे आणि संतोषने बऱ्याच वर्षांनी बाबांचा जुना भोंगा बाहेर काढला आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

मी लिंबाच्या सावलीत पिशवी खाली ठेवली आणि तेवढ्यात गावाकडून आवाज आला. "हालो, हालो. वन टू थिरी." युसूफचाचांचा आवाज, म्हातारा झालेला, पण तोच. "आवाज येऊन राह्यला का?"

शाळेच्या स्लॅबवर कुणीतरी भोंग्याचं तोंड धरून बसलं होतं. तो संतोष असणार हे मला कळत होतं. पण एवढ्या लांबून माणूस ओळखू येत नाही, नुसती पांढरी बंडी दिसते. भोंगा सावकाश फिरत होता. चाचा पुन्हा म्हणाले, "येऊन राह्यला का?" शब्द न् शब्द स्वच्छ. आणि माझं मन, माझं वय, मधली सगळी वर्षं बाजूला सारून माझं अंग एकदम हलकं झालं: आवाज आला, म्हणजे बाबा बरे आहेत.

मी ओढणी काढून हात उंच केला आणि हलवत राहिले. स्लॅबवरचा माणूस माझ्याकडे बघत नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की फाट्याकडे बघायचं असतं.